पाण्यानं सोडलं, गवतानं धरलं

आमच्या खाणावळीत जेवायला येणाऱ्या पाहुण्यांना ताटाबरोबर एक भाषण फुकट मिळतं. पावसाळ्यात मुंबई-नाशिककडची माणसं धबधबे बघायला जव्हारला येतात, त्यातली बरीच आमच्याकडे जेवतात, आणि कुणी नुसतं "काकू, दाभोशाला कसं जायचं?" असं विचारलं की मी आमटीची पळी हातात घेऊनच सुरू होते. धबधब्याच्या माथ्यावर जायचं नाही. शेवाळलेल्या दगडावर उभं राहून फोटो काढायचा नाही. डोहात उतरायचं नाही, आणि ज्यांना पोहता येतं त्यांनी तर मुळीच उतरायचं नाही, कारण बुडायची हौस त्यांनाच जास्त असते. पाणी गढुळलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, की वर कुठेतरी पाऊस झालाय हे ओळखून आधी काठ गाठायचा. वाट माहीत असलेलं गावातलं माणूस सोबत घ्यायचं, वनखात्याची पाटी वाचायची, उजेड आहे तोवर परत फिरायचं.

गल्ल्यावरून आमचे हे, म्हणजे विलास, म्हणतात, "मंदा, आधी आमटी वाढ, मग त्यांचा जीव वाचव."

तर अशी मी, दुसऱ्यांना शहाणपण वाटत फिरणारी, धबधब्याला गेले आणि त्या फेरीपायी मरता मरता वाचले. पाण्याचा त्यात काडीचा दोष नाही. बरी झाल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, "तो कसला हो ताप आला होता तुम्हाला?" प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायला बसले तर खाणावळ बंद ठेवावी लागेल. म्हणून लिहून काढलं.

बिब्बा

आजाराची गोष्ट माझ्या उजव्या गुडघ्यापासून सुरू होते. दिवसभर चुलीपाशी उभं राहून तो कुरकुरायला लागला होता. आमच्या सासूबाईंचा अशा वेळी एकच उपाय असतो. सत्तरी ओलांडली आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही, पण बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्यातून काळं तेल पाझरलं की त्यांचा हात अजून थरथरत नाही. त्या तेलाची दुखऱ्या जागी एक बारीक फुली काढायची आणि वरून चुना लावायचा. आमच्या घरात प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे सासूबाईंची फुली आहे. आमचे हे पन्नाशीला आले तरी त्यांच्या कमरेवर दोन आहेत.

बिब्बा कडक असतो. एखाद्याला तो उततो, म्हणजे अंगावर फोड येतात, आग होते, सूज येते. मला आजवर कधी उतला नव्हता. गुडघ्याच्या वाटीवर फुली काढून घेतली आणि दोन-तीन दिवसांनी, रविवारी, बायकांना घेऊन धबधब्याला निघाले.

आम्हा गावातल्या सात-आठ बायकांचा हा नेम आहे. पाऊस ओसरला, भात पोटरीला आलं, की एक रविवार नवऱ्यांना खिचडी करायला लावायची आणि आपण बाहेर पडायचं. त्या वेळी खोडाळ्याकडच्या जंगलात गेलो. माझ्याकडे भाकऱ्या थापायला येणारी जानकी तिकडच्याच पाड्यावरची, तीच वाट दाखवायला पुढे. त्या धबधब्याला नाव आहे की नाही कुणास ठाऊक. जानकीला विचारलं तर म्हणाली, "पानी पडतं तं हाय. नाव कशाला पायजे?"

सगळे नियम पाळले. ओढा ओलांडताना एकमेकींचे हात धरले. माथ्यावर कुणाला जाऊ दिलं नाही. एकीला डोहाच्या कडेला पाय सोडून फोटो हवा होता, तिला मी असं बोलले की तिनं पुढे दिवसभर फोनच बाहेर काढला नाही. ओढ्यात सलवार भिजू नये म्हणून मी ती गुडघ्याच्या वर दुमडली होती, ती नंतर तशीच राहिली.

नागलीच्या भाकऱ्या, सुकट, ठेचा असं दाबून जेवलो. आणि माझा आणखी एक नियम होता. भरल्या पोटी कुणी लगेच दगड चढायचे नाहीत. जेवण झालं की थोडा वेळ आडवं व्हायचं, मग निघायचं. समोर गुडघ्याएवढं मऊ गवत होतं. मी सगळ्यांत आधी त्यात अंग टाकलं आणि धबधब्याचा आवाज ऐकत अशी झोपले, की घोरण्यानं बायकांची करमणूक झाली म्हणे.

संध्याकाळी सगळ्या जणी हातीपायी धड घरी आलो. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

मी आजारी पडत नाही

हे वाक्य मी आयुष्यभर ऐटीत म्हणत आले. त्यामुळे आठ-दहा दिवसांनी दुपारी वाढता वाढता हुडहुडी भरली तेव्हा मी ती दडपून टाकायचा प्रयत्न केला. तापाची गोळी घेतली, शाल गुंडाळली, पुन्हा वाढायला उभी. दुसऱ्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की डोळा फिरवला तरी कळ यायची. तिसऱ्या दिवशी उठताच येईना.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिवताप नाही, डेंग्यू नाही. औषध दिलं, ताप थोडा उतरायचा आणि परत वर. घरात सगळे अंदाज झाले: दृष्ट, उष्णता, दगदग. धबधब्याचं नाव कुणीच घेतलं नाही. घेणार कसं? त्या फेरीत कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं.

मग विलासनी माझे पाय पुसताना गुडघ्याच्या मागे, लवणीत, तो डाग पाहिला. वाटाण्याएवढा, काळा, खपली धरलेला, भोवती लाल कडा. बघताक्षणी त्यांनी निदान केलं. आमच्या घरातल्या कुणीही तेच केलं असतं. "बिब्बा उतलाय."

मलाही पटलं. पुढे लावलेला मागे ओघळला असेल, अंगात भिनला असेल, म्हणून ताप. चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं. अर्धवट माहिती असलेल्या घरात सगळी चित्रं स्वच्छच दिसतात.

त्यानंतर जे झालं ते मला आतल्या खोलीतून ऐकू आलं. दुपारची वेळ, बाहेर पंगत बसलेली. विलास शांत माणूस, पण घाबरले की त्यांचा आवाज चढतो. ते सासूबाईंवर ओरडले, "आई, तुझ्या त्या बिब्ब्यानं घात केला. उद्या मंदाचं काही बरंवाईट झालं तर ते तुझ्यामुळे."

पंगतीतली माणसं खाली मान घालून जेवत राहिली असणार.  सासूबाई डाग बघायलाही आल्या नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाय टाकेनात. मला त्यांच्याशी बोलायचं होतं, पण धाप लागत होती आणि वाक्य पुरं होत नव्हतं.

नाशिक

खोकला वाढला, श्वास तोकडा पडायला लागला, रक्तातल्या पेशी उतरल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता मोठ्या दवाखान्यात न्या. जीपमध्ये मागे गादी टाकून मला नाशिकला नेलं. घाटातल्या प्रत्येक वळणाला मी मनातल्या मनात ड्रायव्हरला भाषण देत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयानं लहान, आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी पहिल्याच तपासणीत डागावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"बिब्बा," विलास म्हणाले.

"बिब्बा," मी म्हणाले.

इतक्या ठामपणे दोघांनी सांगितल्यावर त्यांनी तसं लिहून घेतलं. त्यांची चूक नाही. साक्षीदारच खोटे होते.

आजारी पडणाऱ्यांना एक खरं सांगते. मला वाटलं होतं की मी अशा वेळी धीराची निघेन. नाही निघाले. नाकाला प्राणवायूची नळी लावल्यावर मी इतकी घाबरले की शेजारच्या खाटेवरच्या त्र्यंबककडच्या अनोळखी आजींचा हात धरून बसले. मरायची भीती वाटते म्हणजे नेमकं काय वाटतं, तर मला वाटलं की गूळ कुठे ठेवलाय ते कुणालाच माहीत नाही. मुलीचं लग्न, नवरा, देव, काही आठवलं नाही. गूळ आठवला आणि रडू आलं. आजींनी हात सोडवून घेतला नाही. "रड, रड," म्हणाल्या, "मीपण परवा रडले. मग भूक लागते बघ."

दवाखान्याचा दिवस पहाटे सुरू होतो आणि मग संपतच नाही. ताप मोजायचा, सुई टोचायची, फरशी पुसायची, नातेवाइकांना बाहेर काढायचं, नातेवाइकांनी परत आत यायचं. जेवणात दुधीभोपळा. दुसऱ्या दिवशीही दुधीभोपळा. मी धापा टाकत परिचारिकेला विचारलं, "फोडणीत जिरं घालायला काय जातं यांचं?" ती विलासना म्हणाली, "काका, पेशंटमध्ये जीव आहे हां."

बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच लागते, असा तिथला नियम. मुलगी परीक्षेला पुण्यात. जानकी खाणावळ सांभाळत होती. म्हणजे उरल्या सासूबाई, आणि त्यांच्याशी तर मुलाचं बोलणं बंद. विलासनी फोन जानकीला लावला आणि तिच्याकरवी निरोप दिला. सासूबाई पहिल्या एसटीनं आल्या. हातात पेजेचा डबा, चेहऱ्यावर सगळा अपराध. माझ्याजवळ बसून पहिलं वाक्य बोलल्या, "माझ्या हातानं झालं गं हे." मी मान हलवली, पण नाही म्हणायला श्वास नव्हता.

हा माझा नाही

सकाळी ऊन खिडकीतून थेट माझ्या पायांवर पडलं होतं. सासूबाई ओल्या फडक्यानं माझं अंग पुसत होत्या. उजवा पाय उचलला, मागे पुसायला गेल्या आणि थांबल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला, पाय उन्हात आणखी वर धरला.

"मंदा, हा माझा नाही."

"काय तुमचं नाही?"

"हा डाग. मी फुली काढते. पुढं काढली होती, वाटीवर. ही बघ, अजून दिसतेय. हा मागं आलाय आणि गोल आहे." मग त्यांनी मला उलटतपासणीला घेतलं. "खाजतंय इथं?"

"नाही."

"आग होते?"

"नाही. तिथं काही आहे हेच मला कळलं नव्हतं."

"बिब्बा उतला ना, तर माणूस ओरबाडून काढतं स्वतःला. रात्रंदिवस खाज. हा माझा नाहीच."

तेवढ्यात विलास चहा घेऊन दारात आले. त्यांनी ऐकलं आणि कंटाळून म्हणाले, "आई, आता तो विषय सोड ना."

"सोडत नाही. तू सोडला होतास का? डॉक्टरीणबाईंना बोलव."

त्या स्वतःच गेल्या. पदर कमरेला खोचून वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या आणि डॉक्टरबाई फेरीला आल्या तशा त्यांना हाताला धरून माझ्या खाटेशी घेऊन आल्या. स्वतःवरचा आळ पुसायला निघालेल्या बाईला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग वाकून डाग पाहिला, पुन्हा पाहिला आणि मला विचारलं, "आजारी पडण्याआधी शेतात, रानात कुठे गेला होतात?"

"धबधब्याला," मी म्हणाले आणि त्या स्थितीतही सुरू झाले. "पण आम्ही माथ्यावर गेलो नाही, डोहात उतरलो नाही..."

"गवतात बसला होतात का?"

"बसलो नाही," मी म्हणाले. "झोपलो."

त्या आजाराला स्क्रब टायफस म्हणतात. झुडपांत, उंच गवतात एक कीटक असतो, त्याची पिल्लं इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. ती चावतात, दुखत नाही, खाजत नाही, नुसती काळी खपली धरते, आणि तीही बहुतेक वेळा काखेत, कमरेशी, लवणीत, जिथे आपण बघतच नाही. ताप येतो तोवर ती सहल आपण विसरलेली असतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, रिपोर्ट येईल तेव्हा येईल, औषध आत्ताच सुरू करू. औषध अगदी साधं निघालं. एवढा जीव घाबरा करणारा आजार, पण योग्य गोळी लागल्यावर दुसऱ्या दिवशी असा मुकाट्यानं निघाला, की मला त्याचा रागच आला. घाम फुटला, कपाळ गार झालं आणि मला भूक लागली. शेजारच्या आजी म्हणाल्या होत्या तशीच.

सासूबाईंनी ती बातमी वॉर्डभर स्वतः फिरून दिली. "बिब्बा नव्हता हो. किडा होता." ज्यांना बिब्ब्याचं काही माहीत नव्हतं त्यांनाही सांगितलं.

विलास खाटेच्या पायथ्याशी उभे होते. आईकडे बघेनात. थोड्या वेळानं बाहेर गेले आणि तिच्यासाठी मोसंब्यांची पिशवी घेऊन आले. आजारी मी होते.

घरी

घरी आल्यावर वाटलं होतं, लगेच चुलीपाशी उभी राहीन. आमटीचं पातेलं उचलायला गेले आणि हात कापायला लागले. केसांचे पुंजके कंगव्यात यायचे. विनाकारण रडू यायचं, आणि तापानं लाजवलं नव्हतं इतकं या रडण्यानं मला लाजवलं. तुमच्या घरी कुणी यातून उठलं असेल तर त्याला "आता काय झालंय तुला?" असं विचारू नका. ताप जातो, माणूस मागून येतं.

जानकी मला चुलीजवळ फिरकू देईना. "मंदाकाकी, तू बस. नाय तं परत पडशील, अन मना परत नाशिकचं फोन घ्यावं लागंल." तिच्या हातची आमटी गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा जास्त आवडायला लागली होती, हे मला फार उशिरा सांगण्यात आलं.

आणि विलास आईला सगळं आणून देत होते. नवा चष्मा केला. लोकरीचा स्वेटर आणला, जव्हारच्या थंडीला पुरून उरेल असा. सकाळचा चहा स्वतः नेऊन द्यायला लागले. माझं चुकलं, हे दोन शब्द सोडून त्या माणसानं सगळं केलं. सासूबाई चहा घ्यायच्या, स्वेटर घालायच्या, त्यांच्याशी गरजेपुरतं बोलायच्या. पण बिब्ब्याची डबी त्यांनी माळ्यावर टाकली होती आणि कुणी कंबर धरून आलं तर म्हणायच्या, "दवाखान्यात जा. माझ्या हाताला यश नाही."  जिच्यामुळे मी जिवंत आहे, तिच्या हाताला यश नाही.

मी विलासना एकदा सरळ म्हणाले, "तुम्ही बोला त्यांच्याशी." ते म्हणाले, "तिला कळतं गं." पुरुषांना वाटतं की आयांना सगळं आपोआप कळतं.

पुन्हा गवतापाशी

वर्ष फिरलं. पाऊस ओसरला, बायका विचारायला लागल्या, यंदा जायचं का? घरात कुणालाच माझं जाणं नको होतं. मलाही रात्री झोप लागेना. पण धबधब्यांची भीती धरून जव्हारात राहणं म्हणजे चुलीची भीती धरून खाणावळ चालवणं. मी हो म्हणाले.

माझ्या भाषणात आता भर पडली आहे. अंगभर कपडे, पायमोजे सलवारीवर ओढून घेतलेले. बसायचं तर उघड्या दगडावर, नाहीतर जाड चादर अंथरून. कपडे गवतावर वाळत टाकायचे नाहीत. घरी आलं की आधी साबण लावून आंघोळ, कपडे गरम पाण्यात, आणि अंग नीट तपासायचं, काखा, कंबर, गुडघ्यांच्या लवणी, एकमेकींना दाखवून. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं, की मी रानात गेले होते. डाग दिसला तर तो कशाचा, हे आपण ठरवायचं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मीपण येते. बघू तरी, माझ्या नावावर काय खपवलं होतं ते." जव्हारात नांदून पन्नास वर्षं झाली, पण त्यांनी धबधबा पाहिलेला नव्हता. त्यांना सांभाळायला म्हणून विलासही आले. आठ बायकांत एकटा पुरुष, आमचे पायमोजे सलवारीवर, तसे त्यांचे पँटवर ओढलेले.

जानकीनं भाताच्या बांधावरून सपाट वाट धरली. धबधब्यासमोर, पाण्यापासून बऱ्याच अंतरावर, एक रुंद कोरडा खडक आहे, तिथे सासूबाईंना बसवलं. त्या किती तरी वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, "कुठं झोपली होतीस?" मी गवत दाखवलं. ते अजून तसंच मऊ दिसत होतं. त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

विलास त्यांच्या मागे उभे होते. खाली बसले. घसा खाकरला.

"आई, माझं चुकलं."

"काय?"

"माझं चुकलं म्हणतोय."

"पाण्याचा आवाज आहे रे. मोठ्यानं बोल."

त्यांनी इकडे-तिकडे बघितलं. बायका डबे उघडत होत्या. मग त्या माणसानं डोळे मिटले आणि सगळ्या रानाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "आई, माझं चुकलं! तुझा काही दोष नव्हता!"

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. एकीच्या हातातली भाकरी हातातच राहिली. सासूबाईंनी सावकाश नवा चष्मा काढला, पदरानं डोळे पुसले, मग चष्माही पुसला आणि परत घातला.

"पहिल्यांदाच ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "पण तू ओरडला होतास तो भरल्या पंगतीत." आणि त्यांनी मुलाकडे हात पुढे केला. "चल, धर आता नीट. मला जवळून बघायचंय."